काट्यांचा बटवा : जाहक पाळण्यामागचे पदार्थविज्ञान

भूमच्या आसपासच्या माळावर काटेरी प्राणी म्हटला की ज्याच्या त्याच्या डोळ्यांसमोर सायाळ उभी राहते. भुईमुगाच्या रानात रात्री ती काय धुमाकूळ घालते हे शेतकऱ्यालाच विचारावे. तिचा गळून पडलेला काळा-पांढरा काटा दप्तरातून शाळेत आणणारी मुलेही पुष्कळ आहेत. पण अलीकडे ही मुले एक वेगळाच प्रश्न विचारू लागली आहेत. मोबाईलवरच्या चित्रफितींत तळहातावर मावणारा, मुटकुळे करून बसलेला एक काटेरी गोळा त्यांनी पाहिलेला असतो. "सर, ही सायाळीची पिल्ले पाळायला मिळतात का?"

ती सायाळीची पिल्ले नव्हेत. तो हेजहॉग. मराठीत त्याला जाहक म्हणतात. हा शब्द जुन्या संस्कृत कोशांतला आहे. हिंदीत तो झाऊ चूहा, गुजरातीत शेळो, तर तमिळमध्ये मुळ्ळेली, म्हणजे काटेउंदीर. गंमत अशी की यांपैकी काही नावांत उंदीर असला तरी जाहक उंदरांच्या जातीचा नाही. सायाळ मात्र उंदीर-खारींच्या, म्हणजे कृंतक प्राण्यांच्या कुळातली आहे. तिचे पुढचे दात कुरतडण्यासाठी आहेत आणि ती मुळे, कंद, साली खाते. जाहक किड्यांवर जगतो आणि त्याचे नाते चिचुंद्रीशी जुळते. दोघांच्याही अंगावर काटे आले ते स्वतंत्रपणे. पक्षी आणि वटवाघूळ यांना पंख जसे वेगवेगळ्या वाटांनी मिळाले, तसेच हे.

भारतात जाहकांच्या तीन जाती प्रसिद्ध आहेत. लांब कानांचा आणि फिकट रंगाचा असे दोन जाहक राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागांत आढळतात. तिसरा, उघड्या पोटाचा मद्रासी जाहक, दक्षिणेत आढळतो. चित्रफितींत दिसतो तो यांपैकी कोणताच नव्हे. तो आफ्रिकेतील चार बोटांचा जाहक. सेनेगलपासून सुदानपर्यंत आणि खाली झांबियापर्यंतच्या गवताळ प्रदेशांत त्याचे मूळ घर आहे. वजन तीनशे ते सहाशे ग्रॅम. तो पाळावा की नाही, आणि पाळला तर त्याचे काय होते, हे समजून घ्यायला पदार्थविज्ञानाचा चांगला उपयोग होतो. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी हा आगाऊपणा पोटात घालावा.

गव्हाची काडी आणि ज्वारीचे धाट

युरोपातील पूर्ण वाढलेल्या जाहकाच्या पाठीवर पाच ते सात हजार काटे असतात. केस, नखे आणि शिंगे ज्या द्रव्याची बनलेली असतात त्याच केराटिनचे हे काटे होत. ते फेकता येत नाहीत. (सायाळही काटे फेकत नाही. तिचे काटे सैल असतात, शत्रूच्या अंगात रुतून मागे राहतात, एवढेच.) जाहकाचा काटा सहजासहजी गळत नाही. तो कातडीत एका गोल गाठीने रोवलेला असतो आणि गाठीच्या वर त्याची मान बारीक होते.

हा काटा भरीव नाही, आतून पोकळ आहे. एखादी पोकळ नळी वाकवली तर काय होते? शीतपेयाची प्लॅस्टिकची नळी घ्या आणि हळूहळू वाकवा. आधी ती छान कमानीसारखी वळते. मग एके ठिकाणी तिचा गोल छेद चपटा होतो आणि नळी कचकन मुडपते. एकदा मुडपली की तिचा जोर गेला. आता गव्हाची काडी पाहा. तीही पोकळच, पण थोड्या थोड्या अंतरावर तिला पेर असते. पेराच्या ठिकाणी आत आडवा पडदा असल्यामुळे तेथे काडी चपटी होऊ शकत नाही. जाहकाच्या काट्यात असे पडदे फार दाटीने असतात आणि भिंतीला आतून उभ्या कडाही असतात. ज्वारीच्या धाटाची युक्ती निराळी. त्याची साल कडक, पण आत मऊ, हलके भेंड खच्चून भरलेले. भेंडाला स्वतःला जोर नाही, पण सालीला ते आत दबू देत नाही. सायाळीचा काटा या पद्धतीचा असतो. इंग्लंडमध्ये व्हिन्सेंट आणि ओवर्स यांनी १९८६ साली या दोन्ही काट्यांच्या रचनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शत्रूला टोचण्याखेरीज जाहकाचे काटे धक्का शोषून घेण्याचेही काम करतात, असे त्यांनी दाखवले.

धक्का कसला? जाहक कुंपणांवर, दगडांच्या रचलेल्या बांधांवर चढतो आणि खाली पडतो. पडताना अंगाचा गोळा करतो. हिशेब करून पाहू. ४०० ग्रॅमचा जाहक २ मीटर उंचीवरून पडला तर जमिनीवर पोहोचताना त्याच्याजवळ ०.४ × ९.८ × २, म्हणजे सुमारे ७.८ जूल ऊर्जा असेल. ही ऊर्जा थांबताना कोठेतरी खर्च व्हायला हवी. काटे नसते आणि शरीर जेमतेम एका मिलिमीटरच्या अंतरात थांबले असते, तर सरासरी बल ७.८ भागिले ०.००१, म्हणजे ७,८०० न्यूटन झाले असते. त्याचे स्वतःचे वजन चार न्यूटनही नाही. म्हणजे वजनाच्या दोन हजार पट. हाडे कशी टिकणार? पण हजारो काटे मानेतून वाकत वाकत त्याला एका सेंटिमीटरच्या अंतरात थांबवतात असे धरले, तर बल दसपटीने कमी होते. क्रिकेटपटू झेल घेताना हात मागे नेतो, त्यातले तत्त्व हेच. अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठात याच काट्यांवर धक्क्याचे प्रयोग झाले आणि २०१६ साली प्रसिद्ध झाले. खेळाडूंच्या शिरस्त्राणासाठी चांगले अस्तर बनवता येईल का, हा त्यामागचा विचार होता.

गोळा करण्याची युक्ती आजीच्या बटव्यासारखी आहे. पाठीच्या कातडीच्या कडेने एक वर्तुळाकार स्नायू असतो. तो आवळला की नाडी ओढलेल्या बटव्याप्रमाणे काटेरी कातडी डोके, पोट आणि पाय यांच्यावर ओढली जाते व तोंड बंद होते.

गोळा का?

संरक्षणासाठी, हे उत्तर बरोबरच आहे. पण गोळ्याचा आणखी एक फायदा आहे आणि घरात जाहक ठेवणाऱ्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. दिलेल्या घनफळासाठी सर्वांत कमी पृष्ठफळ गोलाचे असते. जाहकाचे घनफळ ४०० घन सेंमी. धरा. अंग ताणून चालताना तो २० सेंमी. लांबीची वृत्तचिती आहे असे मानले, तर तिचे पृष्ठफळ सुमारे ३५७ चौ. सेंमी. येते. त्याच घनफळाच्या गोलाची त्रिज्या सुमारे ४.६ सेंमी. आणि पृष्ठफळ २६३ चौ. सेंमी. म्हणजे नुसते वेटोळे केल्याने उष्णता बाहेर जाण्याची वाट चौथ्या हिश्श्याने आटली. वर थंड पडणारे नाक आणि उघडे पाय आत गेले ते वेगळेच.

एवढी काटकसर का करावी लागते? तुमचे वजन ५० किलोग्रॅम धरू आणि जाहकाचे ०.४. तुम्ही त्याच्या १२५ पट जड. आकार सारखा धरला तर लांबी-रुंदीत तुम्ही १२५ च्या घनमुळाइतके, म्हणजे ५ पट मोठे, आणि पृष्ठफळात २५ पट. वजन १२५ पट पण पृष्ठफळ २५ पटच. म्हणजे दर ग्रॅम वजनामागे जाहकाला तुमच्यापेक्षा पाचपट कातडी सांभाळावी लागते आणि तेवढ्या वेगाने त्याची उष्णता निसटते. त्यातून काटे हे काही घोंगडीचे काम करत नाहीत. लोकरीत हवा अडकून बसते. काट्यांमधून ती खुशाल खेळते.

युरोपातला जाहक यावर हिवाळ्यात एक तोडगा काढतो. शरद ऋतूत भरपूर चरबी साठवून तो दीर्घ झोपेत जातो. एरवी ३५ अंश असणारे त्याचे तापमान भोवतालच्या थंडीइतके, पाचेक अंशांपर्यंत उतरते. मिनिटाला १९० च्या आसपास पडणारे हृदयाचे ठोके २० वर येतात. भोवताल आणि शरीर यांच्या तापमानांत फरकच उरला नाही तर उष्णता वाहणार कशी? आफ्रिकेच्या गवताळ रानातल्या जाहकाची मात्र अशी तयारी नसते. खोलीचे तापमान १८ अंशांखाली गेले की तोही सुस्तावतो, अंग गार पडते. पण त्याच्याजवळ साठवण नाही. "आमचा जाहक शांत झोपला आहे" असे समजून घरचे लोक दिवसभर त्याला हलवत नाहीत आणि तो दगावतो. हा प्रकार पाळणाऱ्यांच्या देशांत इतका परिचित आहे की तेथे जाहकाच्या पेटीत तापमापक ठेवणे ही पहिली अट मानतात. त्याला २४ ते २८ अंश मानवतात.

भूमच्या घरात

आता आपल्या घराकडे वळू. डिसेंबर-जानेवारीत बालाघाटाच्या या टापूत रात्रीचा पारा १५ च्याही खाली येतो. मे महिन्यात दुपारी तो ४० च्या आसपास असतो. पत्र्याचे छप्पर असेल तर पत्रा वरून चटका देतो आणि खाली प्रारणाने उष्णता ओततो. २४ ते २८ ही पट्टी आपल्याकडे वर्षातून किती तास मिळते, हे ज्याने त्याने घरी तापमापक टांगून पाहावे.

थंडीवर उपाय सोपा वाटतो : पेटीत दिवा लावावा. पण जाहक निशाचर आहे. रात्रभर उजेड असला तर तो बाहेरच पडत नाही, खात नाही. म्हणून उजेड न देणारा तापक आणि तापमान ठरावीक ठेवणारे यंत्र लागते. वीज गेली तर? रबरी पिशवीत एक लिटर गरम पाणी भरून ती कापडात गुंडाळून ठेवली, तर ६० अंशांवरून ३० अंशांवर येताना ती १ × ४२०० × ३० = १,२६,००० जूल उष्णता देईल. पेटीतून दर सेकंदाला १० जूल बाहेर जात असतील तर हा पुरवठा साडेतीन तासांचा झाला. पहाटेपर्यंत दोनदा उठावे लागेल.

उन्हाळा याहून अवघड. आपण पंखा लावतो, तो आपल्याला घाम येतो म्हणून. घामाचा एक ग्रॅम उडून जाताना सुमारे २,४०० जूल उष्णता अंगातून घेऊन जातो. माणसासारखा घाम गाळून अंग निववण्याची सोय जाहकाजवळ नाही. त्याचे तापमान ३५, हवेचे ४०. अशा वेळी पंखा काय करतो? कातडीजवळ थोडी निवलेली हवा हटवून तेथे ४० अंशांची ताजी हवा आणून सोडतो. म्हणजे जाहकाला थंड करण्याऐवजी तापवतो! पंख्याखाली ठेवलेली पेटी हा दयेचा नव्हे, छळाचा प्रकार आहे. त्यापेक्षा आपला माठ बरा. मोठ्या मडक्याभोवती ओले गोणपाट आणि आत कोरडी जागा ठेवली, तर मराठवाड्याच्या कोरड्या मे महिन्यात बाष्पीभवनाने आतले तापमान चांगले उतरते. जूनमध्ये हवेत ओल आली की हा उपायही मंदावतो.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. किडे, अळ्या, थोडे शिजवलेले अंडे किंवा मांस, आणि स्वच्छ पाणी. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे आणि आपल्याकडे कोणत्याही पाहुण्याला दूध पुढे केले जाते : जाहकाला दूध पचत नाही. युरोपात पूर्वी लोक प्रेमाने परसात त्याच्यासाठी बशीभर दूध ठेवत आणि त्याला हगवण लागे.

आवाजाचेही तसेच. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, जाहकाला सुमारे ४५ पर्यंत. किल्ल्यांचा जुडगा खळखळला की आपल्या कानांना किणकिण तेवढी ऐकू येते. पण त्यात श्रवणातीत लहरीही असतात आणि त्या त्याला भोसकतात. भांडी आपटणाऱ्या घरात जाहक दिवसभर गोळा होऊनच बसेल.

पिल्ले

नर-मादी एकत्र ठेवण्याचा प्राणी हा नव्हे. रानात ती एकेकटी राहतात. पाळणारे लोक नराला मादीजवळ काही दिवसच ठेवतात आणि लगेच वेगळे करतात, कारण तो पिल्ले खाऊन टाकतो. साधारण पस्तीस दिवसांनी मादी वितेे. एका वेळी तीन-चार पिल्ले, प्रत्येक सुमारे दहा ग्रॅमचे, डोळे मिटलेले.

मग काटेरी पिल्लू जन्मताना आईला जखमा कशा होत नाहीत? जन्मतः पिल्लाच्या पाठीची कातडी द्रवाने फुगलेली असते आणि शंभर-एक मऊ, पांढरे काटे त्या फुगवट्यात बुडालेले असतात. जन्मानंतर काही तासांत हा द्रव शरीरात शोषला जातो, कातडी आकसते आणि काटे वर डोकावतात. काटे वाढून बाहेर येत नाहीत. पूर ओसरल्यावर नदीतले खडक उघडे पडतात, तसे ते दिसू लागतात.

दहा ग्रॅमच्या पिल्लाचे गणित वरच्याच रीतीने करा. तुम्ही त्याच्या ५,००० पट जड. घनमूळ सुमारे १७. दर ग्रॅममागे तुमच्या सतरापट वेगाने ते निवते. आईच्या पोटाची ऊब हाच त्याचा तापक. या दिवसांत पिल्ले पाहायला कोणी घरटे उकरले, बोट लावले, तर भेदरलेली आई पिल्ले टाकून देते किंवा खाते. दहा-बारा दिवस तिकडे फिरकायचेच नाही, हा नियम मोठ्या माणसांनाही पाळवत नाही. दोनेक आठवड्यांनी डोळे उघडतात, पाच-सहा आठवड्यांत पिल्ले स्वतः खाऊ लागतात.

पैदाशीतला खरा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेतील पाळीव जाहक हे आफ्रिकेतून आणलेल्या जनावरांचे वंशज. लाळ्या-खुरकूत रोगाच्या भीतीने १९९० च्या दशकाच्या आरंभीच ही आयात बंद झाली. तेव्हापासून तोच वंश आपसांत वाढत आला. याच दशकात एक रोग ध्यानात आला. जाहक चालताना लटपटतो, कलंडतो, हळूहळू त्याचे सारे पाय लुळे पडतात. त्याच्या मज्जातंतूंवरचे आवरण नष्ट होत जाते. विजेच्या तारेवरचे रबर गेल्यावर जे होते तेच. हा रोग काही घराण्यांत अधिक दिसतो, म्हणून तो आनुवंशिक असावा असा संशय आहे. उपाय अद्याप नाही. आपल्याकडे समजदार शेतकरी कालवडीला तिच्याच बापाकडे नेत नाही. दुकानातून जोडी आणणाऱ्याला ती सख्खी भावंडे आहेत की नाहीत, हे कोण सांगणार?

सोडून देणे

कंटाळा आल्यावर "रानात सोडून देऊ" असे म्हणणारे असतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेला साउथ युइस्ट नावाचे बेट आहे. १९७४ साली तेथे बागेतल्या गोगलगायी खाण्यासाठी काही जाहक आणून सोडले. त्या बेटावर जमिनीवर अंडी घालणारे पाणथळीचे पक्षी होते. जाहकांनी गोगलगायींबरोबर अंडीही खाल्ली, संख्या वाढली, शेजारच्या बेटांवर पसरली आणि पुढे ते हटवण्यासाठी मोहीम काढावी लागली. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांनी घरची आठवण म्हणून नेलेले जाहक आज उपद्रवी प्राणी गणले जातात. आपल्या माळावर टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, हे लक्षात घ्या. कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्क शहरात तर जाहक पाळण्याला बंदीच आहे.

उलट दिशेचा मोहही तितकाच वाईट. माळावरचा संरक्षित प्राणी पकडून घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली गुन्हा आहे. तमिळनाडूत लहान मुलांच्या खोकल्यावर औषध म्हणून जाहकाचे काटे जाळून देण्याची समजूत आहे, त्यापायी तेथे त्यांची शिकार झाली. केराटिन जाळून औषध होत असेल तर कापलेल्या नखांनीही खोकला जायला हवा!

रोगाचेही सांगतो. अमेरिकेत २०१९ आणि २०२० साली पाळीव जाहकांपासून साल्मोनेला जंतूंची लागण पसरली. धडधाकट दिसणाऱ्या जाहकाच्या विष्ठेतही हे जंतू असू शकतात. ज्या मोरीत भांडी घासतो तेथे त्याची पेटी धुऊ नये, हात साबणाने धुवावेत. शिवाय तालुक्याच्या पशुवैद्याचा हात गाई-म्हशी-शेळ्यांवर बसलेला. चारशे ग्रॅमच्या, गोळा होऊन बसणाऱ्या रोग्याची नाडी तो कशी पाहणार? माझे मत विचाराल तर भूमसारख्या गावी ही हौस करू नये.

जाहकाविना प्रयोग

शाळेत मात्र पुढील दोन प्रयोग जरूर करा. (१) पाव लिटर गरम पाणी तांब्यात आणि तेवढेच, त्याच तापमानाचे पाणी परातीत ओता. दोन्हींवर थोडे गोडेतेल सोडा, म्हणजे बाष्पीभवनाचा वाटा घटेल. दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. परात म्हणजे अंग ताणलेला जाहक, तांब्या म्हणजे गोळा झालेला. (२) गव्हाच्या काडाचे चार-चार सेंटिमीटरचे तुकडे करून ओल्या मातीच्या चपट्या थरात दाट रोवा, काही तिरपे ठेवा. माती वाळल्यावर त्या काट्यांवर अर्ध्या मीटरवरून अंडे सोडा, मग उंची वाढवत जा. पेर असलेले आणि पेर नसलेले तुकडे वेगवेगळ्या थरांत लावा. कोणत्या थरावर अंडे अधिक उंचीवरून टिकते, आणि फुटण्याआधी काड्या कोठे मुडपतात, ते वहीत आकृतीसह लिहा. अंडी उकडून घेतल्यास प्रयोगानंतर ती वाया जाणार नाहीत.